सतरावा प्रश्न

कडुबा जीपवाल्याच्या जन्मठेपेत माझा हात आहे. हे वाक्य मी पहिल्यांदाच कागदावर लिहितोय. आजवर मनातल्या मनात त्याला खूप कपडे घालून पाहिले. मी तेव्हा नवा होतो, घाई होती, कोर्टात सगळेच तसं करतात. ते कपडे काढले की खाली एवढंच उरतं: कोर्टाच्या व्हरांड्यात मी एका माणसाला खऱ्या गोष्टीला खोटी म्हणायला लावलं आणि नंतर बोर्डे वकिलांना सांगितलं, तो स्वतःच तसं बोलला.

लिहायचं आहे बोर्डे वकिलांबद्दल. मी त्यांच्याकडं सहा वर्षं ज्युनियर होतो. त्यांच्या शोकसभेत मी बोलायला उठलो नाही. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं असेल. पण आधी वरचं वाक्य सांगितल्याशिवाय मला त्यांच्याविषयी एक शब्द बोलता येत नाही, आणि ते त्या सभेत सांगण्याची माझी हिंमत नव्हती.

बोर्डे साहेबांना किळस फार यायची. कुणी त्यांच्यापुढं खोटं बोलू लागलं की त्यांचा वरचा ओठ डाव्या बाजूनं किंचित उचलला जायचा, नासक्या दुधाचं भांडं नाकाशी यावं तसा. कोर्टाच्या जिन्यातल्या पानाच्या पिचकाऱ्या, बाररूममधला शिळ्या भज्यांचा वास, सरकारी वकिलाचं खोटं हसू, या सगळ्याला तोच ओठ. त्यांच्या खाकी पिशवीत पत्र्याच्या डबीत लाल कार्बोलिक साबणाची वडी असे. उलटतपासणी संपवून बाहेर आले की आवारातल्या नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे. खटला जिंकला तरी. लोक मागून हसायचे. "वकीलसाब पुन्हा वजू करायला निघाले," असं एक पट्टेवाला नमाजाआधीच्या हातपाय धुण्यावरून म्हणायचा. ते साहेबांना ठाऊक होतं, आणि तो पट्टेवाला त्यांचा लाडका होता.

निजामाच्या काळात त्यांचं शालेय शिक्षण उर्दूतून झालं होतं. पोलीस ॲक्शननंतर कोर्टाची भाषा बदलली तशी त्यांनी कायद्याची परीक्षा इंग्रजीतून दिली आणि पुढं वकिली मराठीतून केली. पण आरोपीला ते शेवटपर्यंत मुलजिम म्हणत आणि जबाबाला बयान. म्हणायचे, "जुबान तीनदा बदलली. झूट तीच राहिली."

संध्याकाळी ते लॉ कॉलेजात दंड संहिता शिकवत. त्यांचा पहिला तास ठरलेला असे. एक माणूस दुसऱ्याची कोंबडी चोरायची म्हणून तिच्यावर बंदूक झाडतो. झुडपामागं कुणी बसलंय हे त्याला माहीत नसतं. गोळी त्या माणसाला लागते, माणूस मरतो. मग हा खुनी का? वर्गातले बहुतेक हात वर जायचे. चोरी करायला गेला, त्यात माणूस मेला, म्हणजे खुनीच. साहेब थोडा वेळ वाट पाहायचे आणि सांगायचे की नाही, आपल्या कायद्याप्रमाणं तो कोंबडीचोर. वाईट काम करत होता म्हणून त्याच्या हातून जे जे घडलं ते सगळं त्यानं मनात धरलं होतं, असं कायदा मानत नाही. कायद्यात माणुसकी कुठं असलीच तर ती या कोंबडीच्या पिसात आहे, असं ते म्हणायचे.

माझ्या वर्षी गंगापूरकडच्या एका पोरानं मागच्या बाकावरून विचारलं, "मंग सर, त्या मेलेल्याच्या बायकोनं काय करायचं? ती कोंबडी पाळायची का?"

वर्ग खो खो हसला. साहेब हसले नाहीत. त्या पोराला म्हणाले, "याचं उत्तर पुस्तकात नाही. पण तू विचारायचं सोडू नको."

लगेच दुसरी बाजू सांगायचे. हाच कायदा दरोड्याच्या बाबतीत उलटा फिरतो. पाच किंवा जास्त माणसांनी मिळून लूट केली की तो दरोडा. त्यात एकानं खून केला तर पाचही जण त्या खुनाचे धनी, मग बाकीचे चौघे दारात उभे का असेनात. "म्हणून अशा मुकदम्यात पहिलं काम कोणतं? माणसं मोजा. पाचवा खरंच त्यांच्यातला होता का ते बघा. तो नसला तर चार उरतात, आणि चौघांचा दरोडा होत नाही."

माझं पहिलं काम त्यांच्या मागं पिशवी धरून उभं राहायचं. तेव्हाचा एक पंच आठवतो. पंचनाम्यावर सही करायला पोलिसांना दोन तिऱ्हाईत माणसं लागतात. हा कोर्टासमोरच्या हॉटेलात बसून कुठल्याही पंचनाम्यावर सही करायचा. एका मुकदम्यात साहेबांच्या हाती त्याचे दोन पंचनामे लागले. एक वेरूळचा, एक गंगापूरचा, दिवस तोच, वेळ तीच. साहेबांनी शांतपणे विचारलं, वेरूळहून गंगापूरला कसे गेलात? तो म्हणाला, यष्टीनं. साहेब म्हणाले, दोन्हीकडं साडेअकराच वाजलेत. पंचानं घाम पुसला आणि म्हणाला, "त्या दिवशी यष्टी लई जोरात आली, साहेब."

न्यायाधीशसुद्धा हसले. आमचा आरोपी सुटला. बाहेर आल्यावर मी आनंदात होतो, आणि साहेब नळावर हात धुताना अक्षरशः ओकारी दाबत होते. मी म्हणालो, जिंकलो की आपण. त्यांनी ओल्या हातानं मला बाजूला सारलं. म्हणाले, "आज तो आपल्या कामाला आला. अशा सह्यांवर किती माणसं आत गेली असतील, मोज."

या सगळ्या चिखलात त्यांनी एक जागा स्वच्छ ठेवली होती. सरकारी साक्षीदार संपले की न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात: अमुक साक्षीदार असं म्हणतो, तुमचं काय म्हणणं? सगळ्या मुकदम्यात तेवढा एकच वेळ असा, की आरोपीला त्याच्या तोंडानं बोलायला मिळतं. आणि आमच्याकडची रीत अशी, की वकील आरोपीला व्हरांड्यात गाठून सांगतो: काहीही विचारलं तरी 'खोटं आहे' म्हण. चाळीस प्रश्नांना चाळीस वेळा खोटं आहे. कारकून तर उत्तरं आधीच टाइप करून ठेवतो. एका आरोपीनं स्वतःच्या बापाचं नाव विचारल्यावरही खोटं आहे म्हटलेलं मी ऐकलंय.

बोर्डे साहेबांना या रिवाजाची जेवढी शिसारी होती तेवढी दुसऱ्या कशाचीच नव्हती. ते आदल्या दिवशी प्रत्येक प्रश्न घेऊन बसायचे. आरोपी जामिनावर असेल तर स्वतःच्या खडकेश्वरच्या घरी ओट्यावर, नाहीतर तुरुंगात जाऊन. जे झालं नाही त्याला नाही म्हण, जे झालं त्याला हो म्हण, आणि का झालं ते तुझ्या बोलीत सांग. एखादा अशील कुरकुरला तर म्हणायचे, "खोटं बोलायचं असेल तर या गल्लीत चाळीस वकील आहेत. उठ."

आता कडुबा.

कडुबा गंगापूर रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा. तीस-बत्तीसचा असेल. बोलताना दोन्ही हातांनी टोपी धरून फिरवायची सवय. पोळ्याच्या दिवशी भर दुपारी चौघांनी त्याची जीप करमाडजवळच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगवर नेली. मालकानं जुनी मोटार भंगारात विकलीय, तांब्याची तार न्यायची आहे, असं त्याला सांगितलं होतं. हंगाम नव्हता, गावं बैलांच्या मिरवणुकीत होती. जिनिंगवर एकटा म्हातारा रखवालदार होता, लिंबाजी. त्याला दमा होता. चौघांनी त्याला बांधलं आणि तोंडात फडक्याचा बोळा कोंबला. कडुबा माल भरायला आत गेला तेव्हा त्याला ते दिसलं. त्यानं बोळा काढला आणि रेडिएटरसाठी ठेवलेल्या डब्यातलं पाणी म्हाताऱ्याला पाजलं. चौघांतल्या एकानं त्याला शिवी देऊन बाजूला ढकललं आणि बोळा परत कोंबला. मग कडुबानं जीप चालू केली. लिंबाजी संध्याकाळी मेलेला सापडला.

हे साहेबांना त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं, मी समोर होतो. साहेबांनी त्याला लाडावलं नाही. म्हणाले, "पाणी पाजलंस, दोरी का सोडली नाहीस?"

कडुबा टोपी फिरवत म्हणाला, "भ्यालो, साहेब."

"हे कोर्टात सांगशील? भ्यालो म्हणून?"

"सांगन की. खरंच हाय ते."

साहेब मला नंतर म्हणाले, या माणसाला शिक्षा व्हायला हवी. चोरीचा माल नेल्याची, मरणाऱ्याला टाकून गेल्याची. दोन-चार वर्षं जाऊ दे आत. पण हा खुनी नाही. आणि हा पाचवा नाही.

खटल्यात नशिबानं एक साक्षीदार उभी राहिली. गोदाबाई नावाची मेंढरं राखणारी बाई, त्या दिवशी जिनिंगच्या कुंपणाबाहेर बाभळीखाली बसली होती. सरकार पक्षानं तिला आणलं ते कडुबा तिथं होता हे दाखवायला. ती काठी बाजूला ठेवून पिंजऱ्यात आली आणि म्हणाली, "ह्यो टोपीवाला पाणी पाजीत व्हता. त्या आडदांडानं पुन्यांदा बोळा घातला. म्या डोळ्यानं पाह्यलं." सरकारी वकिलाचा चेहरा पडला. साहेब उठून म्हणाले, प्रश्न नाहीत, तिला हात जोडले आणि बसले. इतक्या वर्षांत साक्षीदाराला त्यांनी हात जोडलेले मी तेवढेच पाहिले.

सगळा बचाव तिच्या एका वाक्यावर उभा राहिला. उरलं होतं ते कडुबानं ते वाक्य स्वतःच्या तोंडानं पुरं करणं. न्यायाधीशांच्या प्रश्नांच्या यादीत तो प्रश्न सतरावा होता.

आरोपींच्या जबाबाची तारीख आली आणि त्याच आठवड्यात साहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी बांधलेल्या डोळ्यानं त्यांनी मला खाटेजवळ बसवून सगळे प्रश्न समजावले. दोनदा म्हणाले, आदल्या दिवशी तुरुंगात जा, त्याच्यापाशी बस, सतरावा प्रश्न त्याला त्याच्या शब्दांत सांगू दे. मी हो म्हणालो. गेलो नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोर्टात माझा स्वतःच्या नावावरचा पहिला जामीनअर्ज होता, आणि संध्याकाळ मी आरशासमोर त्याचा युक्तिवाद म्हणण्यात घालवली.

सकाळी व्हरांड्यात पाचही जण एका साखळीत बसलेले. बाकी चौघांच्या वकिलाचा ज्युनियर त्यांना पढवून मोकळा झाला होता. शिपाई आवाज देत होता. मी उभ्यानंच कडुबाला म्हणालो, काही विचारलं तरी खोटं आहे म्हण.

तो म्हणाला, "साहेब तर म्हनले व्हते सगळं सांग."

"साहेबांनीच निरोप दिलाय. बदललं."

"आन् पान्याचं इचारलं तर?"

"सगळ्यालाच खोटं म्हण. एकाला हो म्हटलं की सगळं अंगावर येतं."

"पर ते तर खरंय ना."

"खरं-खोटं कोण विचारतंय तुला," मी म्हणालो आणि घड्याळ बघितलं.

न्यायाधीशांनी सतरावा प्रश्न वाचला. साक्षीदार गोदाबाई सांगते की तुम्ही मयताच्या तोंडातला बोळा काढून त्याला पाणी पाजलं, तुमचं काय म्हणणं? कडुबानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तो म्हणाला, खोटं आहे. माझा जामीनअर्ज मंजूर झाला.

युक्तिवादाला साहेब काळा चष्मा लावून आले. उभे राहून जबाबाची नक्कल वाचू लागले आणि थांबले. वाकून मला हळूच विचारलं, "हे काय आहे?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. त्या दिवशी नवा जबाब घ्यायचा अर्ज करता आला असता, साहेबांनी न्यायाधीशांपुढं पदर पसरला असता. मी म्हणालो, "ऐकेना, साहेब. त्या चौघांच्या नादी लागला."

त्यांचा ओठ उचलला गेला.

निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की बोळा कोंबून दमेकऱ्याला बांधून टाकणं हा खूनच आहे. पाचव्या आरोपीबद्दल साक्षीदार बाई दयेची एक गोष्ट सांगते, पण आरोपी स्वतःच ती नाकारतो. मग न्यायालयानं ती त्याच्या पदरात कशी घालावी? पाच माणसं, एक दरोडा, पाचही जणांना जन्मठेप.

खाली उतरताना कडुबानं साहेबांपुढं हात जोडले, बेडीसकट. म्हणाला, "साहेब, म्या तर तुमच्या निरोपापरमानंच बोललो."

साहेबांनी आयुष्यात तसा निरोप कुणाला दिला नव्हता. त्यांना वाटलं, हा आता माझ्यावरच खोटं ढकलतोय. ते एक पाऊल मागं सरकले. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पंचाच्या वेळीही पाहिलं नव्हतं. ते नळाकडं गेले आणि हात धुऊ लागले, कितीतरी वेळ. कडुबा तिकडं बघत होता. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दोघांच्या मधे पिशवी धरून उभा होतो, आणि उभाच राहिलो.

साहेबांनी त्याचं अपील घेतलं नाही. ते दुसऱ्या कुणी सरकारी मदतीतून लढवलं आणि ते फेटाळलं गेलं. मी सगळ्या तारखा लांबून पाहिल्या. त्यानंतर साहेब नव्या ज्युनियरांना एक गोष्ट सांगू लागले: मरणाऱ्याला पाणी पाजलेला माणूससुद्धा झूट बोलतो, कुणावर भरवसा टाकू नका. ती गोष्ट मी सात-आठ वेळा तरी ऐकली असेल. प्रत्येक वेळी चहाचा कप हातात घेऊन, मान डोलावत. स्वतःची किळस येणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ती धुतली जात नाही. तिच्यासकट माणूस जेवतो, लग्न करतो, केस जिंकतो.

नऊ वर्षांनी साहेब अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, हात काटकुळे झालेले. काकू चहा टाकायला आत गेल्या. बोलता बोलता साहेबांनी पुन्हा कडुबाची गोष्ट काढली. म्हणाले, त्या एका माणसाला ओळखण्यात मी चुकलो. आणि मग म्हणाले, कदाचित सगळ्यांनाच ओळखण्यात चुकलो असेन.

मी सांगून टाकलं. आरसा, व्हरांडा, निरोप, घड्याळ, सगळं. आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

ते रागावतील, हाकलून देतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली?"

"नऊ."

"नऊ वर्षं मी त्या माणसाला घाण मानलं," ते म्हणाले. "तो हात जोडून खरं सांगत होता आणि मी हात धुवत होतो."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय आखडून घेतले. "माझी माफी मागू नको. मला ती नको. कागद घे."

मी टेबलावरचा कागद घेतला. ते डोळे मिटून सांगू लागले, पूर्वी अर्ज सांगायचे तसे, स्वल्पविरामासह. मी, अमुक, वय अमुक, धंदा वकिली, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. कडुबाची शिक्षा कमी करण्याच्या अर्जाला जोडायचं शपथपत्र होतं ते, माझ्या नावानं, माझ्या सनदेच्या नंबरासकट. एका जागी मी त्यांच्या सांगण्याच्या पुढं जाऊन लिहिलं, 'गैरसमजुतीने चुकीचा सल्ला दिला'. त्यांनी वाचून दाखवायला लावलं आणि तिथं हात वर केला.

"गैरसमज काढ. आळस लिही. आणि त्याच्यापुढं, खोटेपणा."

मी लिहिलं. त्यांनी आणखी एक वाक्य घालायला सांगितलं: वरिष्ठ वकील बोर्डे यांनी आरोपीचं म्हणणं ऐकून न घेता त्याच्याकडे पाठ फिरवली. मी म्हणालो, साहेब, हे नको, चूक तुमची नाही. ते म्हणाले, "लिही. तुला विचारलं नाही." खाली त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली, आधी जुन्या सवयीनं उर्दूत आणि मग तिच्याखाली मराठीत. सही वाळेपर्यंत कागदाकडं बघत राहिले. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. मला म्हणाले, "उद्या तुरुंगात मुलाकातीचा दिवस आहे. आधी त्याच्याकडं जा. मग इथं ये."

मी दाराशी वळून पाहिलं तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले होते आणि काकू त्यांच्या अंगावर चादर ओढत होत्या. मी परत गेलो तोवर त्यांचं बोलणं बंद झालं होतं. त्या शपथपत्राचा कडुबाला किती उपयोग झाला, मला आजही नक्की सांगता येत नाही. तो पुढं सहा वर्षांनी सुटला. शपथपत्र नसतं तरी कदाचित तेव्हाच सुटला असता. मला बार कौन्सिलकडून समज मिळाली आणि वर्षभर सनद गेली. ती शिक्षा फार थोडी होती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी हर्सूलच्या तुरुंगात गेलो. मुलाकातीच्या खोलीत दोन जाळ्या, मधे हातभर अंतर, आणि दोन्हीकडं माणसं एकमेकांवर ओरडत असलेली. कुणी बाजरीचं सांगतंय, कुणी पोरीच्या सोयरिकीचं. कडुबा आला. केस पांढरे झाले होते, टोपी नव्हती, पण हात तसेच काहीतरी फिरवत होते. मला ओळखायला त्याला वेळ लागला. ओळखल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "साहेब कसे हायेत?"

मी म्हणालो, फार आजारी आहेत. त्यांनीच पाठवलंय. मग मी जे बोलायला आलो होतो ते खाली मान घालून बोललो.

त्यानं कानाशी हात नेला. "ऐकू येत नाय. मोठ्यानं बोला."

मी पुन्हा बोललो. शेजारची बाई तिच्या नवऱ्याशी भांडत होती. तो पुन्हा म्हणाला, "मोठ्यानं, वकीलसाब."

मग मी जाळीला तोंड लावून ओरडलो. शेजारची बाई थांबली, शिपाई वळला, दोन्ही बाजूंची माणसं बघू लागली.

"कडुबाभाऊ, साहेबांनी तसा निरोप दिलाच नव्हता. तो मी बनवला. तुम्ही पाणी पाजलं होतं, ते खरं होतं. मी तुम्हाला खोटं बोलायला लावलं आणि साहेबांपुढं ते तुमच्यावर ढकललं. ते तुम्हाला खोटारडे समजले, तेव्हा मी तिथंच उभा होतो आणि गप्प राहिलो. चूक माझी आहे. मला माफ करा."